शिप्रा, पुवा आणि आपल्या गावची सुईण

रविवारच्या वर्गासाठी धडा

शास्त्रभाग : निर्गम १:८–२२. जोडवाचन : १ शमुवेल ४:१२–२२, मत्तय २४:१५–२२. मुखोद्गत करावयाचे वचन : निर्गम १:१७.



मोशेची कथा आपल्या मंडळीतील लहान लेकरासही ठाऊक आहे. लव्हाळ्यांचा पेटारा, नदीकाठी उभी राहिलेली बहीण, स्नानास आलेली राजकन्या, हे सर्व आपण शब्बाथ शाळेत चित्रांसह शिकलो. तथापि मोशे जन्मास येण्यापूर्वी ज्या दोन बायांनी इस्राएलाची लेकरे जिवंत राखिली, त्यांच्याविषयी उपदेश फार क्वचित ऐकावयास मिळतो. ह्या आठवड्याचा धडा त्या दोघींचा आहे. तो शिकविताना प्रचारक बंधूंनी मिसर देशातच थांबू नये. परभणी जिल्ह्यातील आपापल्या गावापर्यंत यावे, असा माझा आग्रह आहे.

प्रथम आठव्या वचनापासून दहाव्यापर्यंतचा भाग वर्गात सावकाश वाचावा. फारो इस्राएल लोकांवर का उठला? ते वाढत होते म्हणून, आणि पुढे कधी युद्ध उद्भवले तर ते शत्रूस मिळतील ही भीती त्याला वाटत होती म्हणून. युद्ध अजून झालेले नव्हते. केवळ त्याची धास्ती होती. त्या धास्तीतून पहिल्याने वेठबिगार आली, आणि ती पुरेना तेव्हा राजाचा हात बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोहोचला. जगातील पुष्कळ युद्धांची चाल हीच आहे. मोठी माणसे सीमा, सत्ता व सूड यांचा विचार करतात, आणि त्याचा घाव प्रथम ज्यांना पळता येत नाही त्यांच्यावर पडतो. दिवस भरलेली बाई पळू शकत नाही. म्हणूनच आपल्या प्रभूने यरुशलेमेवर येणाऱ्या संकटाविषयी बोलताना गरोदर स्त्रिया व अंगावर पाजणाऱ्या माता ह्यांचा निराळा उल्लेख केला, आणि पळणे हिवाळ्यात घडू नये म्हणून प्रार्थना करण्यास सांगितले (मत्तय २४:१९–२०). युद्धाचे भाकीत करणाऱ्या त्या अध्यायात सेनापतींची नावे नाहीत. बाळंतिणीची चिंता आहे.

आता पंधरावे वचन पाहा. शिप्रा व पुवा अशी त्या सुइणींची नावे दिली आहेत. फारोचे नाव मात्र दिलेले नाही! तो कोणता फारो, ह्यावर पंडितांचे वाद आजवर मिटलेले नाहीत. ज्याने मोठमोठी भांडारनगरे बांधविली त्याचे नाव शास्त्राने लिहून ठेविले नाही आणि ज्यांनी नाळ कापली त्यांची नावे राखिली. त्या जातीने इब्री होत्या की इब्री बायांची बाळंतपणे करणाऱ्या मिसरी बाया होत्या, हे मूळ शब्दांवरून दोन्ही प्रकारे वाचता येते. यहुदी इतिहासकार योसेफस त्यांना मिसरी म्हणतो. हे मत खरे असेल, तर परजातीच्या बायांनी आपल्या राजाची आज्ञा मोडून दुसऱ्यांच्या लेकरांसाठी आपला जीव धोक्यात घातला, असे होते. वर्गात ह्या गोष्टीचा निकाल लावण्याची गरज नाही. दोन्ही अर्थ सांगून पुढे जावे.

सोळाव्या वचनात बाळंतपणाच्या आसनासाठी जो इब्री शब्द आहे त्याचा अक्षरार्थ 'दोन दगड' असा होतो. त्या काळी मिसर देशात स्त्रिया दोन विटांवर पाय ठेवून उकिडव्या बसून प्रसूत होत. २००१ साली अबायडॉस येथील उत्खननात अशी एक रंगविलेली वीट सापडली. ती सुमारे ३७०० वर्षांपूर्वीची असून तिच्यावर नवजात बालकास धरून बसलेली माता व तिला साहाय्य करणाऱ्या बाया अशी आकृती आहे. आपल्या आज्या-पणज्यांना हे चित्र दाखविले असते तर त्यांना काही नवल वाटले नसते. आढ्याला बांधलेली दोरी धरून, पाठीशी एक बाई व पुढे सुईण, अशीच त्यांची बाळंतपणे झाली.

सुइणींनी राजाला जे उत्तर दिले (वचन १९) ते खोटे होते काय, हा प्रश्न प्रत्येक वर्गात कोणीतरी विचारतोच. संत ऑगस्तीन ह्याने ह्यावर लिहिले आहे की, देवाने त्यांना प्रतिफळ दिले ते असत्याबद्दल नव्हे, तर त्यांच्या दयेबद्दल. माझ्या मते एवढे पुरे आहे. एकविसावे वचन कारण स्पष्ट सांगते : त्या देवाचे भय धरीत होत्या. राजाने दाईच्या हाताला मारेकऱ्याचा हात करू पाहिले. त्या हाताने ते काम नाकारिले. ह्या प्रश्नावर अर्धा तास घालवून मुख्य गोष्ट राहून जाऊ देऊ नये.

त्याच वचनात देवाने त्यांची घराणी वसविली असे सांगितले आहे. हे फार लक्षात घेण्याजोगे आहे. देवाने सुइणींची नुसती वाहवा केली नाही. त्यांच्या घराचा, पोटापाण्याचा, वंशाचा विचार केला. जी बाई रात्री-अपरात्री दुसऱ्याच्या घरी जाते, तिच्या स्वतःच्या चुलीकडे कोणी पाहावयाचे? ह्याचे उत्तर शास्त्र येथे देते, आणि आपण बहुधा वाचून विसरतो.

जोडवाचनातील १ शमुवेलाचा भाग तर युद्धाच्याच दिवसाचा आहे. पलिष्ट्यांनी इस्राएलाचा मोड केला, देवाचा कोश नेला, फिनहास मारला गेला, वृद्ध एली पडून मेला. ही वार्ता ऐकताच फिनहासाची गरोदर बायको वाकली व तिला कळा आल्या. तिच्याजवळ उभ्या असलेल्या बायांनी तिला धीर दिला, भिऊ नको म्हणून सांगितले. राहेल एफ्राथाच्या वाटेवर अडली तेव्हा तिच्या सुइणीनेही हेच म्हटले होते (उत्पत्ती ३५:१७). दोन्ही माता वाचल्या नाहीत; लेकरे मात्र वाचली. वाईट बातमीच्या धक्क्याने कळा सुरू होतात हे आपल्या बाया जाणतात. धीराचा शब्द हे सुइणीचे पहिले औषध खरे. परंतु केवळ धीराने रक्त थांबत नाही, हेही ह्या दोन कथांवरून प्रामाणिकपणे शिकविले पाहिजे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. परभणी हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता, आणि आजचा हिंगोली जिल्हा १९९९ पर्यंत परभणीतच होता. १९४७–४८ मध्ये रझाकारांच्या जुलमाला कंटाळून मराठवाड्यातील असंख्य कुटुंबे बैलगाड्यांनी व पायी वऱ्हाडच्या हद्दीत, नगरकडे, सोलापूरकडे गेली. उमरखेडसारख्या सीमेवरील गावी चळवळीच्या छावण्या होत्या. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या व १७ तारखेस निजामाने शरणागती दिली. त्यानंतर मराठवाड्यातील अनेक ठिकाणी सूडाची लाट निरपराध मुसलमान वस्त्यांवर उलटली. काल जे भीतीने पळत होते ते परतले आणि दुसरे पळू लागले. ह्या दोन्ही वेळी पळणाऱ्यांत गरोदर बाया होत्या हे सांगावयास ग्रंथ लागत नाही, कारण बाळंतपण मुहूर्त पाहून थांबत नाही. कोणाची तरी बाळंतपणे गाडीखाली, मळ्यात, सीमेवरच्या धर्मशाळेत झाली असतील, आणि कोणीतरी बाई तेथे हात धुऊन बसली असेल. मुक्तिसंग्रामातील वीरांची नावे आपण १७ सप्टेंबरला आदराने घेतो. त्या सुइणींची नावे माझ्या वाचनात कोठे आली नाहीत. ज्यांच्या घरी वृद्ध मंडळी हयात आहेत त्यांनी ती विचारून लिहून ठेवावी.

त्या काळी हिंगोलीच्या पलीकडे, वऱ्हाडच्या हद्दीत, वाशीम येथे नाझरीन मंडळीचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल होते. डॉ. ऑर्फा स्पायकर ह्या बाईंनी ते १९३८ साली उघडले. एका जुन्या शाळागृहात त्याचा आरंभ झाला. आपल्या भागातील मिशन इस्पितळे अशाच रीतीने, बहुधा स्त्री-वैद्यांच्या हातून उभी राहिली, कारण आपल्या बाया पुरुष डॉक्टरपुढे जाण्यास तयार नसत. इस्पितळाची मोठी इमारत पाहून आपण मिशनची आठवण काढतो. परंतु तेथे पोहोचेपर्यंतचा रस्ता बैलगाडीचा होता, आणि त्या रस्त्यावर बाईजवळ कोण असे? गावचीच सुईण.

ही सुईण कोण होती, हे आपल्या मंडळ्यांत कोणी मोठ्याने बोलत नाही. पुष्कळ गावांत ती पूर्वी ज्यांना महारवाडा व मांगवाडा म्हणत त्या वस्तीतील असे. नाळ कापणे, वार पुरणे, विटाळाची वस्त्रे धुणे ही कामे हलकी मानून ती आपल्या आयांवर टाकिलेली होती. पाटलाच्या वाड्यात जिला ओसरीवर बसू देत नसत, तिला बाळंतपणाच्या रात्री आतल्या खोलीत नेत, आणि बाराव्या दिवशी लुगडे-चोळी व पायलीभर ज्वारी देऊन पुन्हा बाहेर उभी करीत. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर परभणी, नांदेड व इतर जिल्ह्यांतील दलित वस्त्यांना आगी लागल्या, तेव्हा ज्यांच्या हाताने गावातील लेकरे प्रथम उचलली त्यांचीही घरे त्यांत होती, असे मानावयास पुष्कळ जागा आहे.

आणि आता आपल्यापैकी जे शिकले, शिक्षक झाले, कारकून झाले, ते काय करतात? आजी सुईण होती हे ते पाहुण्यांपुढे सांगत नाहीत. मुलीचे लग्न ठरविताना ती गोष्ट झाकतात. बंधूंनो, हा लाजेचा विषय नाही. स्तोत्रकर्त्याने परमेश्वरालाच मातेच्या उदरातून बाहेर काढणारा म्हटले आहे (स्तोत्र २२:९, ७१:६), अर्थात देवाने स्वतःस सुइणीच्या कामाची उपमा लावून घेतली. विटाळ मानणारे मानोत. ज्याने रक्तस्रावी स्त्रीला आपला स्पर्श करू दिला त्याच्या शिष्यांनी तो मानू नये.

दुसरी एक अडचण प्रचारक बंधू मजपुढे मांडतात. सुईण सटवाईची पूजा मांडते, पाचव्या रात्री पाटा पुजावयास सांगते, म्हणून ख्रिस्ती घराने तिला बोलवावे की नाही? माझे मत असे की, पूजेस नम्रपणे नकार द्यावा, त्या रात्री घरात प्रार्थना करावी, आणि तिची मजुरी मात्र पूर्ण, किंबहुना थोडी अधिक द्यावी. तिच्या बोटांतील कसब सटवाईने दिलेले नाही. ते उत्पन्नकर्त्याने दिले आहे. तिच्याशी भांडून तिला दारातून परत पाठविणे ह्यात विश्वासाचे काही शौर्य नाही.

युद्धाच्या छायेतील प्रदेशात सुइणींना आधार दिल्याने काय घडते, ह्याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. गडचिरोली जिल्हा १९८२ साली झाला, आणि त्याच सुमारास तेथील अरण्यात नक्षलवादी शिरले. पुढे अनेक वर्षे तेथे सुरुंग, चकमकी व रात्रीची भीती होती. अलीकडे ती बरीच ओसरली आहे. रात्री वाटेने चालणाऱ्यास दोन्ही बाजूंचा संशय. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्या दांपत्याने 'सर्च' ही संस्था स्थापिली. आपल्या मंडळीचे ते नव्हेत. पण चांगल्या शोमरोन्याची कथा सांगताना प्रभूने तो कोणत्या मंडळीचा हे कोठे विचारले? त्यांनी असे पाहिले की, अडलेल्या बाईला व आजारी तान्ह्याला इस्पितळात न्यावयाचे म्हटले तरी वाट नाही, वाहन नाही, आणि घरचे लोक बाळंतिणीला बाहेर काढीत नाहीत. तेव्हा त्यांनी गावोगावच्या थोडे शिकलेल्या बाया निवडल्या, त्यांना शिकविले आणि सुइणीच्या जोडीने घरी पाठविले. बाळाला वजनकाट्यात घालणे, ऊब देणे, श्वास अडल्यास तो सुरू करणे, जंतुदोष ओळखून सुई टोचणे, ही कामे त्या खेडवळ बायांनी केली. १९९५ ते १९९८ ह्या काळात ३९ गावांत हे चालले. आरंभी तेथे हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ६२ तान्ही महिन्याच्या आत मरत. तिसऱ्या वर्षी ते प्रमाण सुमारे २५ वर आले. हे १९९९ साली लॅन्सेट ह्या विख्यात वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून केंद्र सरकारने तीच रीत सर्व देशासाठी घेतली.

म्हणजे आज जिंतूर, पाथरी किंवा पालम तालुक्यातील खेड्यात आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी जाते, ती वाट गडचिरोलीच्या भयग्रस्त अरण्यातून आली आहे. ह्या सर्व भेटींबद्दल तिच्यासाठी २५० रुपयांचा मोबदला ठरविण्यात आला. २०२३ च्या अखेरीस व २०२४ च्या आरंभी महाराष्ट्रातील आशांनी मानधनासाठी संप केला तेव्हा काही सुखवस्तू माणसे नाके मुरडीत होती. त्यांनी निर्गम १:२१ पुन्हा वाचावे.

आपल्या ख्रिस्ती समाजातही असे काम झाले आहे, आणि त्याचा आपल्याला योग्य अभिमान असावा. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले दांपत्य १९७० साली जामखेडला आले. दुष्काळी, जातिभेदाने विभागलेल्या त्या तालुक्यात त्यांनी निरक्षर, बहुधा दलित बायांना आरोग्यसेविका केले. ज्या बाईच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, तिच्या हाताने गावाने बाळंतपणे करून घेतली व तिचा सल्ला ऐकिला. १९७१ साली तेथे हजारी १७६ बालके वर्षाच्या आत मरत. वीस-पंचवीस वर्षांनी तो आकडा तिसाच्या खाली आला. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. आमचे काही बंधू म्हणतात की ही समाजसेवा झाली, शुभवर्तमान नव्हे. शिप्रा व पुवा ह्यांनी तरी कोणता उपदेश केला होता?

दूर देशाकडेही थोडे पाहावे. अफगाणिस्तानात अनेक वर्षांच्या युद्धानंतर २००२ साली लाख जन्मांमागे सुमारे १६०० माता मरत, आणि सर्व देशात शिकलेल्या सुइणी ४६७ होत्या. (महाराष्ट्राचा आकडा २०१८–२० मध्ये लाखामागे ३३ होता, म्हणजे अंतर किती ते समजेल.) तेव्हा खेड्यांनीच आपल्या मुली निवडून पाठविल्या, त्या दीड-दोन वर्षे शिकून परत गावी आल्या, आणि सुइणींची संख्या काही हजारांवर गेली. १२ मे २०२० रोजी काबूल शहरातील दश्त-ए-बर्ची येथील प्रसूतिगृहात बंदूकधारी शिरले आणि २४ जणांस ठार केले. त्यांत १६ माता होत्या व एक सुईणही होती. डिसेंबर २०२४ मध्ये तालिबानी सत्तेने मुलींना सुईणपण व परिचर्या शिकण्याचीही बंदी केली. पुरुष वैद्याकडे बाईने जाऊ नये, आणि बाईने वैद्यक शिकू नये; मग बाळंतिणीने जावे कोठे? फारोची आज्ञा नव्या शब्दांत निघाली, एवढेच. जगात बाळंतपणामुळे जितक्या माता मरतात त्यांतील अर्ध्याहून अधिक आज अशाच लढाईने किंवा अराजकाने पोळलेल्या देशांत मरतात. तेथील सुइणींसाठी मंडळीच्या प्रार्थनेत नावाने विनंती व्हावी, आणि कापणीच्या सणाच्या दानातून काही भाग अशा कामास पाठविता आला तर उत्तम.

परंतु काबूलसाठी प्रार्थना करून गावच्या सुइणीस विसरू नये. सांप्रत सरकारी इस्पितळात बाळंतपण होणे हेच सर्वांत सुरक्षित आहे, ह्यात शंका नको. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा योजनेने तेथील बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषध व जाण्या-येण्याचे वाहन विनामूल्य आहे. १०२ व १०८ हे आकडे प्रत्येक घराच्या भिंतीवर कोळशाने का होईना, लिहून ठेवावे. गोदावरीला किंवा दुधनेला पूर येऊन वाट तुटते, ऊसतोडीच्या फडावर कोपीत अकस्मात कळा लागतात, शहरात दंगल होऊन संचारबंदी लागते, अशा वेळी मात्र पुन्हा त्याच म्हातारीच्या दारी धावावे लागते, जिला आपण दहा वर्षांत विचारिले नाही. चांगल्या दिवसांत जिचा हात रिकामा ठेविला, तो वाईट दिवसांत तयार कसा असेल?

म्हणून प्रत्येक मंडळीच्या पंचांनी हे करावे, असे मी सुचवितो. भाकरी करण्यापूर्वी मूठभर पीठ-धान्य बाजूला काढण्याची जी जुनी रीत आपल्या भगिनींत आहे, त्यातील महिन्यातून एक आठवड्याची मूठ सुइणीच्या व आशाताईच्या नावाने ठेवावी. रात्री तिला बोलावणे आले तर बरोबर जावयास मंडळीतील एक विश्वासू पुरुष व एक मोटारसायकल नेमलेली असावी. अंधारात तिला एकटी पाठविणे हे पाप समजावे. वस्तीत कोण गरोदर आहे, कोणाचे दिवस केव्हा भरतात, कोणाचे रक्त कोणत्या गटाचे आहे, ही यादी प्रचारकाच्या वहीत, बाप्तिस्म्याच्या नोंदीइतकीच काळजीपूर्वक लिहिलेली असावी. हुशार मुलींना नर्सिंगच्या शिक्षणास पाठविण्यासाठी मंडळीने शिष्यवृत्ती द्यावी. बँडबाज्यावर लग्नात जे उडते त्याच्या चौथ्या हिश्शात एका मुलीचे शिक्षण मार्गी लागते. आणि गावात तंटा उसळला तर प्रार्थनामंदिराचे दार कोणत्याही जातिधर्माच्या बाळंतिणीस उघडे राहील, हे पंचांनी आजच, शांत असतानाच, ठरवून ठेवावे.

प्रचारकाच्या पत्नीने किंवा बायबलबाईने बायांच्या सभेत पुढील गोष्टी बोलून दाखवाव्या. पुरुषांनीही त्या ऐकाव्या, कारण गाडी जोडणे त्यांच्याच हाती असते. हात साबणाने कोपरापर्यंत धुवावे. अंथरूण, पाते, दोरा ही सर्व स्वच्छ असावी, पाते नवे असावे, आणि नाळेवर शेण, राख, हळद काहीही लावू नये. धनुर्वात पूर्वी ह्याच वाटेने येऊन तान्ह्यास नेत असे; गरोदरपणीची टोचणी व स्वच्छता यांमुळे २०१५ साली भारतातून माता व नवजातांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले, ते पुन्हा हातचे जाऊ देऊ नये. बाळास कोरडे पुसून आईच्या उराशी धरावे, तासाच्या आत पाजावे, पहिला चीक फेकू नये. कळा वाढविण्यासाठी कोणा भोंदू वैद्याकडून सुई घेऊ नये. तिने गर्भाशय फाटून बाई दगावते. अंगावरून फार रक्त जाणे, झटके येणे, डोके अतिशय दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहरा सुजणे, ताप भरणे, अर्धा दिवस कळा देऊनही मूल न होणे, वार न पडणे, ह्यांतील एकही चिन्ह दिसताच वाट पाहू नये, नवससायास करू नये, सासूची परवानगी मागत बसू नये. प्रार्थना गाडीत बसूनही करता येते.

वर्गात विचारावयाचे प्रश्न. फारोला सुइणींची भीती का वाटली नाही, आणि ती वाटावयास हवी होती काय? देवाने सुइणींची घराणी वसविली, ते आपल्या गावी कोणत्या रीतीने घडू शकेल? १ शमुवेल ४ मधील बायांजवळ धीराच्या शब्दाखेरीज काय असते तर ती माता वाचली असती? आपल्या गावातील सुइणीचे पूर्ण नाव वर्गातील कितीजणांना सांगता येते? ज्यांना सांगता आले नाही त्यांनी पुढील रविवारपूर्वी तिच्या घरी जाऊन ते विचारून यावे, आणि जाताना हात रिकामे नेऊ नयेत.